बॉनेटवरची बोटं

"काय काम करायचात तुम्ही?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "गाड्या साफ करायचे. पण धुवायचे नाही." समोरच्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. न धुता साफ? बाई कामचुकार होती की काय!

गाड्या धुणारे पुष्कळ आहेत. पण मुंबईत रोज गाडी धुवायला पाणी आहे कुठल्या सोसायटीत? टँकर आला की आधी माणसांच्या आंघोळीची भांडणं मिटतात, मग गाडीचा नंबर लागतो. म्हणून धुणं आठवड्यातून एकदा, रविवारी, आणि मधले सगळे दिवस गाडीवर धूळ. त्या मधल्या दिवसांची मी बाई. रंगावर ओरखडा न येऊ देता धूळ काढायची. पुसायची नाही, उचलायची. या दोन शब्दांतला फरक लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

मी घाटकोपरची. वडील बुलढाण्याकडून आले आणि डोंगरावरच्या वस्तीत आम्ही भावंडं वाढलो. लग्नानंतर अंधेरीला गाड्यांच्या एका शोरूममध्ये झाडूपोछ्याला लागले. आत कोऱ्या गाड्या मांडलेल्या आणि काचेबाहेर मेट्रोचं खोदकाम. रोज सकाळी गाड्यांवर पिठासारखी धूळ बसलेली. एके दिवशी मी आपली कोरडा फडका घेऊन पुढे झाले, तर तिथला पॉलिशवाला असा ओरडला की मला वाटलं माझ्या साडीनेच पेट घेतला. "ताई, तो फडका नाही, पॉलिशपेपर आहे!" मग त्याने मला बाहेर उन्हात नेलं आणि सर्व्हिसिंगला आलेली एक जुनी काळी गाडी दाखवली. बॉनेटभर बारीक गोल गोल रेघा, कोळ्याने जाळं विणावं तशा. म्हणाला, "हे कोणी मुद्दाम नाही केलं. रोज प्रेमाने पुसून पुसून झालंय."

धूळ मऊ दिसते, पण तो दगडच असतो, फक्त बारीक. शिवाय प्रत्येक ठिकाणची वेगळी. पवईची सिमेंटची, तिच्यावर जरासं पाणी शिंपडून सोडून दिलं तर ती जागीच धरते. चारकोपला कारखान्यांच्या बाजूला लोखंडाचा भुगा उडतो, पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके पडतात. देवनारच्या कचराडेपोकडून वारा आला की काळी, चिकट. आणि मुलुंड पूर्वेला मिठागरांकडची खारट. मला गाडी दाखवा, ती काल कुठे उभी होती ते मी सांगायचे.

पद्धत म्हणाल तर साधी आहे, फक्त हाताला घाई नको. गाडी सावलीत हवी, बॉनेट थंड हवं. आधी हात न लावता ब्लोअरने मोकळी धूळ उडवायची. मग साबणासारखं निसरडं औषध पाण्यात मिसळून त्याचा फवारा मारायचा आणि थोडं थांबायचं, म्हणजे कण पृष्ठभाग सोडतात. त्यावरून मायक्रोफायबरचा घडी केलेला रुमाल, टपापासून खाली, सरळ रेषेत, नुसता ओढत न्यायचा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. एक बाजू मळली की घडी उलटायची. रुमाल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता मेला. आणि चिखल असेल, कबुतराची घाण वाळलेली असेल, तर सरळ सांगायचं की आज नाही, धुवायच्या दिवशी बघू. कधी हात लावायचा नाही हे कळलं की अर्धं काम आलं.

गिऱ्हाइकं एकेक नग. घाटकोपरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, गाडीत बसायच्या आधी स्वतःच्या ओढणीने बॉनेट पुसायच्या. मी हात जोडायचे. त्या म्हणायच्या, "अगं, मलमल आहे ही!" मी म्हणायचे, "मॅडम, ओढणी मलमल आहे, धूळ नाही ना!" चारकोपच्या एका गृहस्थांना शनिवारी गाडीला हात लावलेला चालायचा नाही, आणि संध्याकाळी तेच विचारायचे, "इतकी धूळ कशी गं राहिली?"

पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिले ते मुलुंडचे सामंतकाका.

तोवर शोरूम सोडून मी स्वतःचं काम धरलं होतं. मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत बऱ्याच गाड्या माझ्याकडे होत्या. सामंतकाका तिथे पहिल्या मजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे. एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेलं, यंत्रांचे नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, तीही काळी. काळा रंग म्हणजे आमच्या धंद्यात परीक्षाच. बसलेली धूळही दिसते आणि काढताना झालेली चूकही.

पहिल्या दिवशी काका खुर्ची टाकून बसले. माझं काम आटोपल्यावर उठले, चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "रत्ना, उजव्या दाराच्या कडेला एक रेघ राहिलीय."

राहिली होती. केसाएवढी. मला राग आला आणि मनातून बरंही वाटलं. इतकं बारीक बघणारं गिऱ्हाईक मला भेटलंच नव्हतं. मग तो आमचा रोजचा खेळच झाला. मी काम करायचे, ते चूक शोधायचे. सापडली की असे खूश व्हायचे जसं काही लॉटरी लागली. नाही सापडली तर वरच्या दिशेने हाक मारायचे, "अगो, रत्नाला चहा दे, आज पास झालीय." काकू चहा घेऊन खाली यायच्या. त्या महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, कडक आवाजाच्या, पण चहात आलं सढळ हाताने.

अशी काही वर्षं गेली. मग काकांनी चुका काढणं बंद केलं.

आधी मला वाटलं, आपला हात बसला. रोज खाली यायचे, गाडीकडे बघायचे आणि म्हणायचे, "झकास!" एकदा माझ्या सासूबाई आजारी पडल्या, म्हणून मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी पोचले, पिशवी खाली ठेवली, अजून ब्लोअरही काढला नव्हता, तेवढ्यात काका जिना उतरले. गाडीवर धुळीचा थर बसलेला. त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "झकास झालीय आज."

मी पिशवी उघडली आणि कामाला लागले.

मग बोटं दिसायला लागली. रोज सकाळी धुळीत चार बोटांच्या रेघा. मागच्या दिव्यापासून सुरू व्हायच्या, मागच्या दारावरून कंबरेएवढ्या उंचीवर सरळ येऊन पुढच्या दाराच्या हँडलला संपायच्या. कधी बॉनेटच्या बाजूने यायच्या, पण संपायच्या तिथेच. पोरं रेघोट्या मारतात तेव्हा नाव लिहितात, चेहरे काढतात. हे तसं नव्हतं. खरं सांगते, मला आधी काळजी वाटली ती रंगाची. धुळीवरून बोट फिरलं की खाली ओरखडा येतोच. मी काकांना म्हटलं, "कोणीतरी रोज हात फिरवतंय गाडीवर."

"असतील पोरं," ते म्हणाले आणि पटकन वर गेले.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गाडीचं काम करत खांबामागे होते. काका जिना उतरले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण इमारतीखालच्या त्या पार्किंगमध्ये अंधारच असायचा. ते अंदाजाने चालत आले, हात पुढे केला, मागचा दिवा चाचपला, आणि बोटं टेकवत टेकवत हँडलपर्यंत पोचले. मागोमाग काकू आल्या, शेजारी बसल्या. काच खाली होती. गाडी सुरू झाली आणि काकूंचा हळू आवाज आला, "डावीकडे थोडी घ्या... हां, आता सरळ. थांबा, मांजर आहे. गेली. चला."

माझ्या हातातला रुमाल तसाच राहिला. काकू पाव आणायलासुद्धा काकांबरोबर गाडीतून का जातात, ते मला तेव्हा कळलं.

सोसायटीच्या गेटसमोर बालवाडी होती. सकाळी आया पोरांना हाताला धरून रस्ता ओलांडायच्या, आणि पोरं हात सोडवून घ्यायची. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमचे मिस्टर रिक्षा चालवायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू बघितलंस ना? मग आता तुला बोलावंच लागेल."

मी काकूंना गाठलं. काका आत रेडिओ ऐकत होते. दारातच विचारलं, "काकू, काकांना दिसत नाही ना?"

काकूंनी दार मागून ओढून घेतलं आणि पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "दिसतं गो. कडेचं दिसतं. मधोमध काळा डाग आलाय, डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचं."

"आणि गाडीचं काय म्हणाले?"

त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या. "नकाशे काढणारा माणूस, रत्ना. पेपर वाचता येत नाही, माझं तोंड नीट दिसत नाही. फक्त गाडीत बसला की पहिल्यासारखा बोलतो. ती काढून घेतली तर हा माणूस खुर्चीत बसेल तो उठायचा नाही. मी असते ना सोबत. सगळं सांगते."

"काकू, तुम्ही सांगेपर्यंत एखादं पोर गाडीखाली येईल."

"तू कुणाला बोलू नकोस. मीनलला तर अजिबात नको." मीनल म्हणजे त्यांची मुलगी, बोरिवलीला राहायची. तिचा नंबर माझ्याकडे नव्हताच. मी सेक्रेटरींना जाऊन भेटले. ते म्हणाले, "बाई, त्यांच्याकडे लायसन्स आहे. मी कुठल्या नियमाने अडवू?"

शेवटी काकांनाच विचारलं. खाली, गाडीपाशी.

"काका, समोरचं दिसत नाही ना तुम्हाला?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तुमची बोटं रोज धुळीत उमटतात."

त्यांचा चेहरा घट्ट झाला. "रत्ना, तुला धुळीसाठी ठेवलंय. डोळ्यांसाठी माझे डॉक्टर आहेत."

"मग डॉक्टरांचं ऐका ना."

"उद्यापासून येऊ नकोस."

इतक्या वर्षांत त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी पिशवी उचलली. रडू आलं, पण ते घरी जाऊन. त्या सोसायटीत माझ्या इतर गाड्या होत्या, त्यामुळे जाणं चालूच राहिलं. काळ्या गाडीवर मात्र धूळ चढत गेली आणि बोटांच्या रेघा एकावर एक पडत गेल्या.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी वॉचमन सहज बोलून गेला, "सामंतसाहेब आज मुलीकडे चाललेत, बोरिवलीला." मुलुंडहून बोरिवली म्हणजे लिंक रोड, तिथून हायवे, आणि दिवाळीची गर्दी. मी हातातलं काम टाकलं. काका आत बसले होते, काकू चकलीचे डबे मागच्या सीटवर लावत होत्या. त्या पुढे येऊन बसल्या आणि गाडी सुरू झाली.

मी पार्किंगच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, बरोब्बर मध्ये, उन्हात. अंगात कामाचं केशरी जॅकेट, लांबून दिसावं म्हणून मुद्दाम घेतलेलं. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. ओरडले असते तर काकांनी ब्रेक मारला असता, चार शब्द सुनावले असते, आणि मी बाजूला झाल्यावर निघून गेले असते.

गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढे आली. काकांचा चेहरा काचेतून सरळ माझ्याकडे होता. अगदी माझ्या डोळ्यांत बघत असल्यासारखा. काकू मान मागे वळवून कलंडलेला डबा सावरत होत्या. मला वाटलं, आता थांबतील. आता थांबतील. बंपर गुडघ्यांना टेकला, मी दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले आणि गाडीने मला एक पाऊल मागे ढकललं.

"थांबवा! अहो, थांबवा!" काकू किंचाळल्या.

ब्रेक लागला. काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय झालं? कोण आहे?"

काकूंच्या आधी मीच बोलले.

"मी आहे, काका. रत्ना."

"कुठे?"

भर उन्हात, केशरी जॅकेट घालून, हात त्यांच्याच गाडीवर ठेवून मी उभी होते. आणि ते विचारत होते, कुठे. तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाही तो ऐकू आला असावा. त्यांनी मान तिरकी केली, पूर्वी रेघ शोधताना करायचे तशी, आणि कडेच्या नजरेने मला शोधलं. मी सापडले. त्यांनी इंजिन बंद केलं.

काकू दार उघडून धावत आल्या आणि माझ्या दंडावर चापट्या मारत सुटल्या. "मरूक इलंस काय गो? मरूक इलंस?" रागावल्या की त्या मालवणीत जायच्या. मग एकदम माझाच हात धरून जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

काकांनी चावी काढली आणि खिडकीतून बाहेर धरली. काकूंनी उठून घेतली. त्या दिवशी ती दोघं रिक्षाने बोरिवलीला गेली.

दिवाळी उलटून गेली तरी मला निरोप नव्हता. मी मान खाली घालून बाकीच्या गाड्या करायचे. एका सकाळी वरून हाक आली, "रत्ना! गाडीची काय दशा झालीय ती बघ जरा." वर पाहिलं तर गॅलरीत काका. दशा त्यांना दिसणं शक्यच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ब्लोअर काढला.

काम झाल्यावर ते खाली आले. जरा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "मीनल म्हणते विकून टाका. मला नाही विकायची. तुला चालवता येते?"

"नाही."

"शीक. क्लासचे मी बघतो. बाकीचं मी शिकवीन."

"तुम्ही? कसं?"

"डोळे तुझे आहेत ना. कान माझे आहेत."

मिस्टर तर आधी हसलेच, बाई चाळिशी ओलांडून गाडी शिकते म्हणून. मग तेच मला लर्निंग लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न विचारायला लागले. क्लास झाला, पक्कं लायसन्स आलं, आणि मग माझं खरं शिक्षण सुरू झालं. मी चालवायचे, काका शेजारी डोळे मिटून बसायचे. "ऐक, कण्हतेय ती. दुसरा टाक." "क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस, वास येतोय." "ब्रेक इतका उशिरा? माझ्या पोटाला कळलं." क्लासच्या मास्तरला जे सहा आठवड्यांत जमलं नाही ते काकांनी नुसत्या कानांनी करून घेतलं.

त्याच दिवसांत मी त्यांना आमच्या धंद्यातली एक युक्ती दिली. रंग साफ झाला की नाही ते डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं, पण उघड्या बोटांना नाही. धूळ उचलून झाली की पावाची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालायची आणि रंगावरून अलगद फिरवायची. चिकटून राहिलेला बारीकसा कणही वाळूच्या खड्याएवढा लागतो. मी त्यांच्या हातात पिशवी चढवली आणि हात दारावर ठेवला. त्यांनी तो इतक्या हळू फिरवला, जसं झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा. खालच्या कडेला थांबले.

"इथे राहिलंय."

वाकून बघितलं. राहिलं होतं. डांबराचा ठिपका, मोहरीएवढासुद्धा नाही.

"नापास!" काका म्हणाले आणि मोठ्याने हसले. वर गॅलरीत काकू आल्या, काय झालं म्हणून. चूक पकडली गेल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी मीनलताईंकडे होती, पुढे त्यांनी ती दिली कुणालातरी. मीही आता गुडघ्यांमुळे काम सोडलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका आज पवईच्या ऑफिसांमध्ये हे काम करतात, आणि नव्या आलेल्या कोणी कोरडा फडका उचलला तर माझ्यासारख्याच ओरडतात. एक रुखरुख मात्र आहे. काकांना एकदा मालवणला न्यायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

पण बोरिवलीला नेलं. पक्कं लायसन्स आल्यावरचा माझा तो पहिलाच मोठा प्रवास. काका पुढे माझ्या शेजारी, काकू मागे, मांडीवर नातवासाठी केलेल्या खाऊचा डबा. मुलुंड सोडेपर्यंत काकूंची टकळी चालू होती. "सिग्नल आहे गो... बस येतेय उजवीकडून... हळू." सवयच लागली होती त्यांना. मी आपली "हो काकू, बघितली काकू" करत होते. लिंक रोडचा चढ लागला, दोन्हीकडे डोंगराची हिरवळ आली, वारा आत यायला लागला. मी रस्त्यावर नजर रोखून स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "ही गप्प का गं?"

मी आरशात बघितलं. काकूंचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं, डबा तिरका झालेला.

"काकू झोपल्यात."

पुढचं वळण गेलं. मग हात लांब करून काकांनी माझी चालवण्याची गती चाचपावी तसा डॅशबोर्डवर तळवा टेकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "खड्डे बघून घे, रत्ना. जागी होईल."